दोराचा डोळा आणि कारागिराचा हात

सुंभ जळतो, पण पीळ जळत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. हट्टी माणसाला टोमणा मारण्यासाठीं ती वापरली जाते. परंतु दोर वळणाराच्या दृष्टीनें पाहिलें तर ती निंदा नसून दोराची स्तुतीच होय. दोराचा सारा जीव त्याच्या पिळांत असतो. अंबाडीचा किंवा घायपाताचा एकेक तंतु दोन बोटांनीं सहज तुटतो. असे हजारों तंतु एकत्र पिळले म्हणजे मात्र ते एकमेकांस आवळून धरतात, आणि बैलांची जोडी पाण्यानें भरलेली मोट त्यांच्या जोरावर विहिरींतून वर आणते. खिळा नाहीं, डिंक नाहीं. केवळ घर्षणाच्या बळावर हा सारा कारभार चालतो.

परंतु दोर कितीहि मजबूत असला तरी तो कशाला तरी अडकवावा लागतो, आणि त्याची खरी परीक्षा तेथेंच, म्हणजे टोकाशीं, होते. टोकाला फांस हवा असेल तर दोन मार्ग आहेत. एक गांठीचा आणि दुसरा गुंफणीचा. गांठ मारली कीं दोर एकदम वांकतो. वांकणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतु अतिशय ताणले जातात, आंतल्या अंगाचे सैल राहतात, आणि सर्वांनीं वांटून घ्यावयाचा भार थोड्यांच्याच माथीं येतो. म्हणून चांगल्या गांठीनें देखील दोराची सुमारें पाऊणच शक्ति हातीं राहते. गुंफणीची तऱ्हा वेगळी. तींत टोकाचे पेड उलगडतात, दोर मागें वळवून घेतात, आणि ते सुटे पेड मूळ दोराच्याच पेडांखालून एकाआड एक घालीत नेतात. ताण येईल तसतसे मूळ पेड आंतल्या पेडांना अधिकच आवळतात. अशा गुंफणींत दोराची नऊदशांश किंवा त्याहूनहि अधिक शक्ति टिकते. ह्या कायमच्या फांशाला दोराचा डोळा म्हणतां येईल.

हा डोळा गुंफतांना कारागिराच्या हातांना पडणारा ताण कसा कमी करावा, हा प्रश्न वरवर पाहतां लहानसा वाटतो. बोटें दुखलीं तर थोडा वेळ थांबावें, एवढेंच त्याचें उत्तर कोणीहि देईल. परंतु थकलेला हात पेड पुरता आवळीत नाहीं, आणि अपुरा आवळलेला पेड बाहेरून ओळखूं येत नाहीं. त्या दोराला ज्याचा देह लोंबकळणार, त्याचा जीव त्या न दिसणाऱ्या सैलपणाच्या हवालीं होतो. म्हणून कारागिराच्या बोटांची काळजी घेणें म्हणजे दोराला लटकणाराच्या प्राणाची काळजी घेणें होय.

सातारा आणि सांगली हे जिल्हे दोराचे जुने उपासक आहेत. साताऱ्यापासून थोड्या अंतरावर लिंब येथें बारा मोटांची विहीर आहे. ती १७१९ ते १७२४ ह्या काळांत वीरूबाई भोसले यांनीं बांधविली. सुमारें ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाच्या ह्या विहिरीवर एका वेळीं बारा मोटा चालत, असें तिचें नांवच सांगतें. प्रत्येक मोटेला दोन दोर लागत. मोटेचें ओझें पेलणारा जाड नाडा, आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर. म्हणजे बारा मोटांना चोवीस दोर झाले, आणि प्रत्येक दोराला दोन टोकें! विहिरीच्या दगडी बांधणीचें कौतुक करणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानीं हे दोर सहसा येत नाहींत, कारण दगड टिकतो आणि दोर कुजून जातो. पण पाणी वर आलें तें दोरामुळेंच.

हे दोर वळणारे हात बहुतेक मातंग समाजाचे होते. दोर वळणें हा ह्या समाजाचा परंपरागत व्यवसाय. नाडे, सोंदूर, कासरे, दावीं, वेसणी, शिंकीं अशा नाना वस्तु ते शेतकऱ्याला पुरवीत, आणि त्याबद्दल त्यांना सुगीला बलुतें म्हणून धान्य मिळे. थोर साहित्यिक आणि शाहीर अण्णाभाऊ साठे ह्याच समाजांत, वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं, १ ऑगस्ट १९२० रोजीं जन्मले. त्या वेळीं वाटेगांव सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा करण्यांत आला, आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. ज्या समाजाला गांवानें वेशीबाहेर ठेवलें, त्याच्याच हातच्या दोरावर गांवाचें पाणी, गांवाची जनावरें आणि गांवाची शेती बांधलेली होती, ही गोष्ट विसरतां येण्यासारखी नाहीं.

ह्या कामाची किंमत हातांना मोजावी लागे. अंबाडीच्या काड्या पाण्यांत कुजवून त्यांची साल सोलावयाची. घायपाताचीं पानें ठेंचून आणि खरवडून त्यांतील वाख काढावयाचा. घायपाताच्या रसानें कातडीला खाज सुटते आणि पुरळ उठतें. कोरडा वाख बोटांना चिरा पाडतो. इतकें असूनहि ह्या कारागिरांच्या रीतींत एक मोठें शहाणपण सांठविलेलें आहे. एक जण आंकडा फिरवीत राहतो; दुसरा वाखाचे पुंजके जोडीत उलट्या पावलीं मागें मागें सरकतो. पुढें तीन पेड एकत्र वळतांना तिसरा माणूस मध्यें उभा राहून पेड एकमेकांत अडकूं देत नाहीं. ह्या सर्व खटाटोपांत पीळ कोण देतो? आंकडा. ताण कोण देतो? मागें सरकणाराच्या देहाचें वजन. बोटें केवळ वाट दाखवितात. बळाचें काम बोटांवर टाकूं नये, हा ह्या जुन्या धंद्याचा धडा आहे, आणि दोराचा डोळा गुंफतांना हाच धडा पुन्हां उपयोगीं पडतो.

मोटेचा काळ आतां सरला आहे. सांगली जिल्ह्यांतच १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं किर्लोस्करवाडी वसविली, आणि तेथल्या कारखान्यांतून लोखंडी नांगरांमागून पाण्याचे पंप बाहेर पडूं लागले. पंप आले तशा मोटा थांबल्या, आणि मोटेबरोबर नाडाहि गेला. उरलेल्या कामांत गिरणींत तयार झालेल्या कृत्रिम धाग्यांच्या दोरांनीं वाखाच्या दोरांना मागें सारलें. दोराची गरज मात्र संपली नाहीं. २००५, २०१९ आणि २०२१ सालीं कृष्णेला महापूर आले, तेव्हां सांगलीच्या रस्त्यांवरून होड्या फिरल्या. होडी म्हटली कीं दोर आला, आणि दोर आला कीं टोकाचा डोळाहि आलाच.

ह्याहून अधिक जोखमीचें काम डोंगरांतलें. आपल्या भाषेंत परतीचे दोर कापणें हा वाक्प्रचार रूढ आहे. १६७० सालीं तानाजी मालुसरे यांचे मावळे दोरावरून कोंढाण्याचा कडा चढून गेले. तानाजी पडल्यावर त्यांच्या भावानें ते दोर कापून टाकले आणि पळूं पाहणाऱ्यांना लढण्यावांचून गत्यंतर ठेविलें नाहीं, अशी परंपरागत कथा आहे. महाबळेश्वर आणि जावळीच्या डोंगरांत कड्यांच्या कपारींना आग्या मोहोळें लागतात. कड्यावरून दोरानें उतरून मध काढण्याची रीत सह्याद्रींत जुनी आहे. आणि अगदीं अलीकडची गोष्ट सांगावयाची तर २८ जुलै २०१८ रोजीं महाबळेश्वर आणि पोलादपूर यांना जोडणाऱ्या आंबेनळी घाटांत दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस खोल दरींत कोसळली. तीस जणांचा अंत झाला; एकच जण वांचला. पावसांत आणि धुक्यांत त्या दरींत उतरून मृतदेह वर आणण्याचें काम आसपासच्या गिर्यारोहकांनीं दोरांच्या साह्यानें पार पाडलें. दोरावर केवढा भरवसा टाकावा लागतो, हें अशा वेळीं कळतें.

दोरानें भरवसा मोडला म्हणजे काय होतें, ह्याचें जगप्रसिद्ध उदाहरण आल्प्स पर्वतांतील आहे. १४ जुलै १८६५ रोजीं सात जणांनीं मॅटरहॉर्न हें शिखर प्रथमच सर केलें. उतरतांना एकाचा पाय घसरला. साती जण एकमेकांस दोरांनीं बांधलेले होते. परंतु मध्यें एके ठिकाणीं कमी बळाचा दोर वापरलेला होता, तो तुटला. चौघे कड्यावरून खालीं गेले आणि तिघे वांचले. त्या तुटक्या दोराचा तुकडा स्वित्झर्लंडमधील झरमॅट येथील संग्रहालयांत ठेवलेला आहे. साखळी जशी तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच बळकट, तसाच दोर त्याच्या सर्वांत दुबळ्या जागेइतकाच बळकट.

त्या काळचे दोर वनस्पतींच्या तंतूंचे असत. १९३५ सालीं अमेरिकेंत वॉलेस कॅरॉथर्स ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं नायलॉन तयार झालें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गिर्यारोहणांत नायलॉनचे दोर सर्वत्र पसरले. पुढें १९५३ सालीं जर्मनींत, आंत गाभा आणि बाहेर विणलेलें कवच असा दोर निघाला. येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कडा चढणाराला पडतांना सांवरून धरणारा जो लवचिक दोर असतो, त्याला घरच्या घरीं डोळा गुंफूं नये. त्याला योग्य ती गांठ मारतात, किंवा कारखान्यांत यंत्रानें शिवलेला डोळा वापरतात. हातानें गुंफलेला डोळा शोभतो तो तीन पेडी दोराला, आणि झाडावर चढण्यासाठीं मुद्दाम गुंफणीजोग्या विणलेल्या दोराला. पुढील विवेचन ह्या दोन जातींच्या दोरांविषयीं आहे.

आतां हाताकडे वळावें. बोटांत बळ असतें, ही सार्वत्रिक समजूत चुकीची आहे. बोटें वळविणारे मुख्य स्नायु बोटांत नसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागांत असतात. तेथून दोरीसारख्या कंडरा निघतात आणि मनगटांतील एका अरुंद बोगद्यांतून बोटांपर्यंत जातात. त्या बोगद्यांत नऊ कंडरा आणि एक मोठा ज्ञानतंतु अशी दहांची दाटी असते. म्हणजे माणसाचा हात हाच मुळीं दोरांनीं चालणारा एक यंत्रप्रकार आहे! मोटेचा नाडा चाकावरून जसा जातो, तशाच ह्या कंडरा सांध्यांवरून जातात, आणि नाडा जसा झिजतो तशा त्याहि घांसून सुजतात.

श्रोत्यांनीं एक साधा प्रयोग घरीं करून पाहावा. मनगट सरळ ठेवून एक लेखणी मुठींत घट्ट धरावी. नंतर मनगट आंतल्या बाजूस जितकें वांकवतां येईल तितकें वांकवावें आणि तशाच स्थितींत लेखणी आवळून पाहावी. पकड एकदम ढिली झाल्याचें आढळून येईल. घरांतील एखादें लहान मूलहि ती लेखणी ओढून काढूं शकेल. वांकलेल्या मनगटांत कंडरांना पुरेसा ओढा देतां येत नाहीं, आणि बोगद्यांतील दाटीहि वाढते. दुसरी गोष्ट चिमटीची. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटींत एखादी वस्तु दाबून धरली म्हणजे टोकाशीं जेवढें बळ लागतें, त्याच्या अनेक पट दाब अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर येतो. संपूर्ण मुठीनें धरलें तर तोच भार चार बोटें आणि तळहात यांच्यांत वांटला जातो. आतां नवशिका कारागीर डोळा गुंफतांना काय करतो तें पाहावें. दोर मांडीवर घेऊन तो वांकून बसतो, मनगटें मुडपतो, अंगठ्याच्या नखानें पेड उचकटतो आणि सुट्या पेडाचें टोक चिमटींत धरून ओढतो. हाताला जें जें दुबळें करतें, तें तें सर्व तो एकाच वेळीं करीत असतो. मग बोटें दुखलीं तर नवल तें काय?

ह्यावर उपाय आहेत, आणि ते सारे त्या जुन्या धड्यांतूनच निघतात.

पहिला उपाय बैठकीचा. दोर मांडीवर न घेतां एखाद्या भक्कम खुंट्याला किंवा खिडकीच्या गजाला, कोपराच्या उंचीवर, अडकवावा आणि उभ्यानें काम करावें. त्यामुळें एक हात नुसता दोर धरून ठेवण्याच्या कामांतून मोकळा होतो. मनगट आपोआप सरळ राहतें, आणि पेड आवळतांना एक पाऊल मागें टाकून देहाचें वजन दोरावर सोपवितां येतें. दोर वळणारा उलट्या पावलीं चालून हेंच साधीत असे.

दुसरा उपाय टोकांच्या तयारीचा. तीन पेडी दोराचा डोळा करावयाचा तर टोकाचे पेड सुमारें वीतभर उलगडावे. दोर जाड असेल तर त्याहून अधिक. प्रत्येक सुट्या पेडाच्या टोकाला निमुळता आकार देऊन त्यावर चिकटपट्टी किंवा मेण लावलेला दोरा गुंडाळावा. कृत्रिम दोराचें टोक दिव्यावर वितळवून बंद करण्याची चाल आहे. पण त्यामुळें जो कडक गोळा तयार होतो तो प्रत्येक फेराला अडतो आणि बोटांनाहि बोंचतो. निमुळतें टोक सुईसारखें सरकतें. बोथट टोक दर वेळीं दुप्पट जोर मागतें.

तिसरा उपाय हत्याराचा. मूळ दोराचे पेड नखानें उचकटूं नयेत. डाव्या आणि उजव्या हातानें दोर दोन ठिकाणीं संपूर्ण मुठींत धरावा आणि पिळाच्या उलट दिशेनें फिरवावा. पेडांमध्यें फट पडते. त्या फटींत लाकडाचा निमुळता, गुळगुळीत टोचा घालावा. हा टोचा पोतीं शिवण्याच्या दाभणापेक्षां बराच जाड असावा, आणि त्याची मूठ तळहात भरेल एवढी असावी. बारीक मूठ बोटांना आवळावी लागते. भरदार मूठ तळहातावर विसावते. फट पडल्यावर पुष्कळ जण टोचा बाहेर काढतात आणि फट मिटायच्या आंत घाईघाईनें पेड घुसवूं पाहतात. तसें करूं नये. टोचा आंतच ठेवून त्याच्या अंगानें पेड सरकवावा, आणि पेड पलीकडे निघाल्यावर मगच टोचा ओढून घ्यावा. एवढ्या एका संवयीनें निम्मे कष्ट वांचतात.

चौथा उपाय ओढण्याचा. पेड चिमटींत धरून ओढण्याऐवजीं त्याचा एक वळसा टोच्याला किंवा लाटण्याएवढ्या दांडक्याला द्यावा, आणि दांडकें दोन्ही मुठींनीं धरून ओढावें. वळसा ताणानेंच आवळला जातो व ओढून झालें कीं सहज सुटतो. खलाशी लोकांत ही युक्ति फार जुनी आहे. पेड आवळतांना तो त्याच्या स्वतःच्या पिळाच्या दिशेनें किंचित् फिरवून घ्यावा, म्हणजे तो पसरट न होतां गोल बसतो. एक फेर म्हणजे तिन्ही पेड एकेकदां घालून झालेले. वाखासारख्या नैसर्गिक तंतूंच्या दोराला असे तीन पूर्ण फेर पुरतात. कृत्रिम दोर गुळगुळीत असल्यामुळें त्याला किमान पांच तरी हवेत. कंटाळून चवथ्या फेराशीं थांबणें म्हणजे आपली दमणूक दुसऱ्याच्या जिवावर भागविणें होय.

पांचवा उपाय बसविण्याचा. सर्व फेर झाले म्हणजे गुंफण अंगठ्यांनीं दाबीत बसूं नये. ती जमिनीवर ठेवून पायाखालीं मागेंपुढें लोळवावी, किंवा लाकडी मोगरीनें फिरवीत फिरवीत हलकेंच ठोकावी. बोटांना पाव तासांत न साधणारें काम पाय मिनिटभरांत करतो.

विणलेल्या दोराची गोष्ट थोडी निराळी. त्यांत पेड एकाआड एक घालावयाचे नसतात. टोकाचा भाग निमुळता करून दोराच्याच पोटांत दडवावयाचा असतो, आणि मग बाहेरचें विणलेलें कवच त्यावर सरकवीत न्यावयाचें असतें. हातांचा खरा कस येथें लागतो, कारण शेवटचे कांहीं अंगुळें कवच पुढें सरकतां सरकत नाहीं. अशा वेळीं डोळा खुंट्यावर अडकवावा. कवच चिमटींत न धरतां संपूर्ण मुठीनें वेढावें आणि गाईची धार काढावी तसें, पण लांब आणि संथ, खुंट्याच्या दिशेनें सारीत न्यावें. अडलें कीं जोर वाढवूं नये. हात मागें नेऊन दूरचें सैल कवच गोळा करून आणावें, मोगरीनें अडलेल्या जागीं हलकेंच ठोकावें आणि पुन्हां सारावें. बहुधा अडण्याचें कारण कमी जोर हें नसून आंतलें टोक पुरेसें निमुळतें न केल्यामुळें तेथें आलेला फुगवटा हें असतें. तेव्हां झटापट करण्यापेक्षां काम उकलून टोक पुन्हां नीट करणें हेंच वेळेच्या आणि बोटांच्या हिताचें. नवा दोर मऊ असतो. वापरलेल्या दोराचें कवच मळानें आणि ताणानें घट्ट झालेलें असतें. म्हणून डोळा दोर नवा असतांनाच करावा, आणि तसें न जमल्यास दोर कोमट पाण्यांत सौम्य साबणानें धुऊन, सांवलींत वाळवून मगच कामाला घ्यावा. वाखाचा दोर मात्र ओला करूं नये. ओलाव्यानें तंतु फुगतात आणि पेड अधिकच आवळले जातात.

हातमोज्यांविषयीं एक सूचना अवश्य आहे. पातळ चामड्याचे मोजे कातडीला घर्षणापासून वांचवितात, पण जाड मोजे घातले तर तीच वस्तु धरायला अधिक जोर लावावा लागतो. म्हणून मोजे पातळ आणि मापाचेच असावेत. थंडींत काम असेल तर आधीं हात कोमट पाण्यांत बुडवून घ्यावेत. गार पडलेलीं बोटें आपण किती जोरानें आवळतों आहों, हें ओळखूं शकत नाहींत.

विश्रांति कशी घ्यावी, हाहि एक विचारच आहे. दुखेपर्यंत काम करून मग थांबणें ही विश्रांति नव्हे. तो केवळ नाइलाज होय. प्रत्येक फेरानंतर मूठ उघडून बोटें ताणावींत, हात खालीं सोडून झटकावेत, आणि तेवढ्या वेळांत झालेला फेर डोळ्यांनीं तपासावा. एका दिवसांत अनेक डोळे करावयाचे असतील तर आवळण्याचें काम सलग न करतां मधून मधून मापणें, कापणें, टोकें गुंडाळणें अशीं हलकीं कामें घ्यावींत. रात्रीं अंगठा, तर्जनी आणि मधलें बोट बधिर होऊन जाग येऊं लागली, किंवा वळलेलें बोट सरळ होतांना अडकून एकदम सुटूं लागलें, तर तें हातांतील कंडरांनीं दिलेलें गाऱ्हाणें समजावें. तेल चोळून दिवस काढण्यापेक्षां वैद्यकीय सल्ला लवकर घेणें इष्ट. वेळेवर विश्रांति मिळाली तर असे विकार बहुधा आटोक्यांत राहतात. दुर्लक्ष झालें तर कायमची दुर्बलता येऊं शकते. ज्याचें पोट हातावर आहे, त्याच्या घरांत ती दुर्बलता एकट्या हाताची राहत नाहीं.

आणि शेवटीं परीक्षा. पुस्तकांत वाचून किंवा आकाशवाणीवर ऐकून केलेल्या पहिल्या डोळ्यावर कोणीं आपला देह टांगूं नये. पहिले डोळे पाळण्याच्या, होडीच्या, वाळत घालण्याच्या दोरीला करावेत. चढण्याच्या दोराचा डोळा, दोर बनविणाऱ्यानें घालून दिलेल्या मापाप्रमाणें आणि जाणत्या माणसाच्या नजरेखालीं करावा, त्यावर आधीं निर्जीव भार टांगून पाहावा, आणि दर वेळीं वापरण्यापूर्वीं गुंफण हातानें चांचपून पाहावी. एखादा पेड सैल लागला, एखादें टोक बाहेर सरकलेलें दिसलें, तर तो दोर बाजूला ठेवावा. संशयित दोराला दुसरी संधि देण्याची उदारता डोंगरांत महाग पडते.

लिंबच्या विहिरीवर आज मोट नाहीं आणि नाडाहि नाहीं. ज्यांनीं तो वळला त्यांचीं नांवें कोठेंहि कोरलेलीं नाहींत. परंतु देहाचें वजन, चालण्याची लय आणि साधें हत्यार यांच्याकडे बळाचें काम सोपवून बोटांना फक्त वाट दाखवूं देण्याची त्यांची रीत आजच्या नायलॉनच्या दोरालाहि तशीच लागू पडते. दोरांतील तंतु एकमेकांचा भार वांटून घेतात म्हणून दोर टिकतो. कारागिराचा पाय, पाठ, मूठ आणि हत्यार यांनीं बोटांचा भार तसाच वांटून घेतला, तर हात टिकेल, हाताची गुंफण टिकेल, आणि त्या गुंफणीच्या भरंवशावर कड्याखालीं उतरलेला माणूस संध्याकाळीं सुखरूप घरीं परतेल.